एकदा चुकलेल्या हातात पुन्हा थैली

ताई, ख्रिस्तात सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वय ४३. किराणा दुकान आहे, बायको अंगणवाडीत आहे, दोन मुलं शिकतायत. आमच्या मंडळीचा, म्हणजे गावच्या चर्चचा, मी सहा वर्षं खजिनदार होतो. २०१८ साली देवळाच्या छपराचे पत्रे बदलायचे म्हणून निधी जमवला. सुगीच्या सणाला लिलाव झाला. लोकांनी भोपळे, कोंबड्या, पायली-दोन पायली ज्वारी, जे असेल ते आणलं. त्या पैशांतले ४८,००० रुपये मी दुकानात वापरले. चोरायचा हेतू नव्हता, देव साक्षी आहे. उधारी थकली होती, होलसेलवाला दारात उभा, आणि मंडळीचे पैसे मी दुकानाच्या गल्ल्यातच ठेवत होतो. आधी दोन हजार घेतले, चार दिवसांत परत ठेवले. मग पाच. मग एकदम पंधरा. पंचांनी पत्र्यांसाठी पैसे मागितले तेव्हा ते नव्हते.

पंच घरी आले तेव्हाच बायकोला कळलं. चौदा महिन्यांत मी पै न् पै फेडली. पण त्या पावसाळ्यात देऊळ गळलं, भजनाची बाजाची पेटी भिजली. तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, आता कोणी विषय काढू नका. कोणी काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्या उपदेशकांनी बायबलमधल्या आखानावर संदेश दिला, यरीहोच्या लुटीतलं देवासाठी राखलेलं चोरून तंबूत लपवणारा तो. मी मागच्या बाकावर होतो, घामानं भिजलो. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या, प्रभुभोजनाच्या रविवारी काहीतरी निमित्त काढून दुकानातच थांबतो. एका आजींनी त्या लिलावाला आपली अंड्यावरची कोंबडी दिली होती. त्यांचं घर माझ्या वाटेवर आहे. सकाळी त्या कोंबड्या सोडत असतात, मी मान खाली घालून गाडी पुढे काढतो. रात्री झोप लागत नाही.

आता जूनमध्ये नवे पाळकसाहेब आलेत. त्यांना काही माहीत नाही. हिशेबाला पक्का माणूस म्हणून यंदाच्या सुगीच्या सणाची खजिनदारी तुम्हीच घ्या, असं ते म्हणतात. बायको म्हणते, देवानं संधी दिलीय, किती दिवस तेच उगाळत बसणार? देवानं क्षमा केली असेल तर मला शांती का नाही? सैतानानं मला एकदा पाडलं, तो पुन्हा पाडणार नाही कशावरून? हो म्हणू की नाही?

– एक आखान

प्रिय भाऊ, सलाम.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. पहिल्या वेळी सहीपाशीच अडले. हे नाव तुम्हाला कोणी दिलेलं नाही. मागच्या बाकावर घाम पुसत तुम्हीच ते स्वतःला लावून घेतलंत, आणि तीन वर्षं अंगावर वागवताय. म्हणून आधी त्या अध्यायाकडेच जाऊ. तुम्ही त्याच्यापासून पळताय तोवर तो तुमची पाठ सोडणार नाही.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय. यहोशवा म्हणजे इस्राएल लोकांचा नेता. यरीहो पडलं होतं, सगळे विजयाच्या भरात होते. पुढचं गाव आय, छोटंसं. हेर जाऊन आले आणि म्हणाले, सगळ्या लोकांना कशाला दमवता, दोन-तीन हजार माणसं पुरेत. तीन हजारांच्या आसपास गेले आणि मार खाऊन पळत आले. ३६ माणसं मेली. यहोशवानं कपडे फाडले, डोक्यात धूळ घातली आणि देवाच्या कराराच्या कोशापुढे पालथा पडला तो संध्याकाळपर्यंत. यार्देनेच्या पलीकडेच राहिलो असतो तर बरं झालं असतं, म्हणाला.

आणि देव त्याला काय म्हणाला? ऊठ. असा पालथा का पडलास?

भाऊ, मी हा अध्याय किती वेळा ऐकलाय, पण उपदेशांत हे वाक्य फार थोड्या जणांनी उचललेलं ऐकलं. सगळे आखानाच्या तंबूकडे धावतात. देव मात्र आधी नेत्याला जमिनीवरून उठवतो. त्याचं रडणं देवाला नकोसं झालं म्हणून नव्हे. पालथ्या पडलेल्या माणसाला फक्त माती दिसते. काय बिघडलं, कुठे बिघडलं, हे बघायचं तर उठून उभं राहावं लागतं. तुम्ही तीन वर्षं पालथे पडलेले आहात. तुम्हाला तो पश्चात्ताप वाटतोय.

आखानाला शेवटी दगडमार करून मारलं. तो शेवट वाचताना मला आजही त्रास होतो, आणि तो त्रास मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या शिक्षेचं मला सोपं उत्तर देता येत नाही. पण तुमच्यात आणि त्याच्यात एक फरक तुम्ही बघितलाच नाही. दोषी शोधायला त्याच्यासमोर वंशांतून एक वंश, वंशातून एक कूळ, कुळातून एक घराणं असं वर्तुळ आवळत आलं, तरी चिठ्ठी त्याच्यावर पडेपर्यंत तो गप्प राहिला. तुम्ही चौदा महिने खपून एकेक रुपया भरलात. आणि ज्या खोऱ्यात हे सगळं घडलं, त्या अखोर खोऱ्याचं पुढे काय झालं हे त्या पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं होतं का? होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, मी अखोराचं खोरं आशेचं द्वार करीन. अखोर म्हणजे संकट, क्लेश. ज्या जागेचं नाव घ्यायलासुद्धा लोक घाबरत असतील, तिथूनच देव वाट काढतो. तेव्हा आखानच व्हायचं असेल तर निदान त्याची गोष्ट होशेयपर्यंत वाचा.

आता तुमच्या चुकीकडे येते. जरा सावकाश, कारण माझ्या मते सगळी गुरुकिल्ली इथेच आहे.

मी ३४ वर्षं परिचारिका होते, बहुतेक काळ मिशनच्या दवाखान्यांत. २४ वर्षांची असताना माझी रात्रपाळी होती, बाळंतिणींचा वॉर्ड. रात्री दोन वाजता सगळ्यांचा ताप बघून तक्त्यावर लिहायचा नियम. खाटेच्या पायथ्याशी पत्र्याच्या पाटीला तक्ता अडकवलेला असे. त्या रात्री एका बाळंतिणीच्या तक्त्यावर मी ९८.६ लिहिलं. थर्मामीटर लावलाच नव्हता. दहाचा आकडा बघून दोनचा लिहिला. सहा वाजता तिला हुडहुडी भरली तेव्हा ताप १०४ होता. ती वाचली. तीन आठवडे पडून होती, तिच्या बाळाला दुसऱ्या बाळंतिणीचं दूध पाजावं लागलं. कोणाला काही कळलं नाही. तक्ता तर व्यवस्थित भरलेला होता.

मी चार दिवस जेवले नाही. देवापुढे गुडघे टेकून रडायचे, मला क्षमा कर, मी पापी आहे. अगदी मनापासून. पाचव्या दिवशी सहन होईना म्हणून मेट्रनबाईंकडे गेले आणि सांगितलं. मला वाटलं आता घरी पाठवतील. त्यांनी दार लावलं, माझा हात धरून प्रार्थना केली, आणि म्हणाल्या, प्रभूनं तुला माफ केलंय, आता घाबरू नकोस, सगळं सांग. पुढचा अर्धा तास त्या फक्त विचारत होत्या. दोन वाजता तू कुठे उभी होतीस? थर्मामीटर कुठे होता? वॉर्डात किती थर्मामीटर होते?

तेव्हा पहिल्यांदा खरं बाहेर आलं. वॉर्डातला थर्मामीटर दहाच्या फेरीनंतर माझ्या हातून फुटला होता. औषधाच्या पाण्याचा ग्लास, तळाला कापूस, त्यात तो परत ठेवताना निसटला. फुटलेल्याची किंमत पगारातून कापत, आणि त्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाची फी भरायची होती. म्हणून मी सांगितलं नाही. दुसरा आणायचा तर शेजारच्या वॉर्डात मागावा लागला असता, आणि मग फुटल्याचं कळलं असतं.

चार दिवसांच्या रडण्यात हे एकदाही माझ्या तोंडी आलं नव्हतं. ‘मी पापी आहे’ हे देवाला सांगणं सोपं गेलं. ‘मी थर्मामीटर फोडला आणि लपवला’ हे कठीण गेलं. मेट्रनबाईंनी आधी माफीचं सांगितलं नसतं तर मी ते कधीच बोलले नसते, आणि बोलले नसते तर पुढच्या वेळी दुसरं काहीतरी फुटलं असतं आणि मी पुन्हा लपवलं असतं. पुढे एक महिना त्या रात्री माझ्याबरोबर फेरी मारत. पारा बघून आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि मगच लिहायचा. निवृत्त होईपर्यंत मी तसंच केलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीही तसंच करायच्या, आणि का करायचं हे मी प्रत्येकीला सांगत असे.

विश्वासाचा उपयोग मला तिथे कळला. चूक कितीही वाईट असली तरी आपण टाकून दिले जाणार नाही, ही खात्री असली तरच माणूस तिच्याकडे डोळे उघडून बघू शकतो. खात्री नसेल तर तो एक तर सबबी सांगतो, नाही तर ढसाढसा रडतो. दोन्हींमुळे चूक तशीच अंधारात राहते.

म्हणून मी मेट्रनबाईंसारखं विचारते. रागावू नका. मंडळीचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात का होते?

तुम्ही ते ओझरतं लिहिलंत, अर्ध्या वाक्यात. मला मात्र सगळं पत्र त्या गल्ल्याभोवती फिरताना दिसतं. लाकडी गल्ला, वरच्या कप्प्यात चिल्लर, खाली नोटा, आणि त्याच नोटांच्या बाजूला रबर लावलेली मंडळीची गड्डी. समोर होलसेलवाला उभा. अशा वेळी दोन हजार काढताना हाताला वाटही बदलावी लागली नाही. आणि ते दोन हजार चार दिवसांत परत गेले, हेच सगळ्यांत घातक झालं. त्यातून तुम्ही शिकलात की घेतलेलं परत ठेवता येतं. सैतानानं पाडलं असं तुम्ही म्हणता. तो आहे, मी नाकारत नाही. पण गड्डी त्या गल्ल्यात त्यानं ठेवली नव्हती.

वही कोणाकडे होती? तुमच्याकडेच असणार. सहा वर्षांत ती दुसऱ्या कोणी उघडून पाहिली होती का? नसेल, तर तो दोष तुमचा एकट्याचा नाही, पंचांचाही आहे. चांगल्या माणसावर विश्वास ठेवणं म्हणजे त्याचा हिशेब न बघणं, असा आपल्या मंडळ्यांमध्ये एक गैरसमज आहे. असा विश्वास म्हणजे त्या माणसाला अंधाऱ्या खोलीत एकटं सोडणं आहे.

आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. दुकान बुडतंय हे बायकोला पंच दारात येईपर्यंत का कळलं नाही? तिचा पगार थोडा असेल, पण ती तुमच्या घरात राहते, तुमच्या शेजारी झोपते. तिला सांगितलं असतं तर कदाचित एखादा दागिना गहाण पडला असता, सासरवाडीकडून चार बोलणी खाल्ली असती. ती टाळायला देवाचे पैसे वापरले गेले. माझ्या फुटलेल्या थर्मामीटरपाशी आणि तुमच्या या गप्प बसण्यापाशी मला एकच भीती दिसते.

आखानानंसुद्धा शेवटी कबुली दिली तेव्हा ती क्रमानं दिली. मी पाहिलं, मला लोभ सुटला, मी घेतलं, मी लपवलं. चार क्रियापदं. तुमच्याकडूनही मला असंच क्रमानं हवं आहे. एक कोरा कागद घ्या आणि २०१८ची ती गोष्ट तारीखवार लिहा. पाप, मोह, सैतान हे शब्द त्या कागदावर वापरू नका. फक्त काय केलं ते लिहा. लिहून झालं की प्रार्थना करा, आणि तो कागद बायकोला वाचून दाखवा. ‘तेच उगाळत बसणार’ असं ती म्हणते त्यात तथ्य आहे, कारण उगाळणं आणि उघडून बघणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिनं तुमचं उगाळणंच पाहिलंय.

शांती का नाही, हे तुम्ही विचारलंत. पैसे फिटले म्हणजे शांती मिळेल असं तुम्हाला वाटलं होतं. गणनेच्या पाचव्या अध्यायात नुकसान करणाऱ्यासाठी जो नियम आहे त्यात आधी कबुली आहे, मग भरपाई, आणि भरपाईवर एक पंचमांश. आणि ते ज्याचं नुकसान केलं त्याला द्यायचं. तुमच्या बाबतीत भरपाई झाली. कबुली तुम्ही दिली नाहीत; पंचांनी तुम्हाला पकडलं, आणि मग एका भल्या पाळकांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. त्यांचा हेतू प्रेमाचा होता. पण जे गंगेला मिळालं म्हणतात ते तुमच्या घशात अडकून राहिलं, आणि आजींच्याही. त्या आजींना कोणी विचारलं का, की तुमच्या कोंबडीच्या पैशांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे का?

४८,०००चा पंचमांश ९,६०० होतो. तो नियम जसाच्या तसा तुम्हाला लागू करायला मी बसलेली नाही, ख्रिस्तानं आपलं ऋण फेडलंय. पण भिजलेल्या पेटीचं पुढे काय झालं हे तुम्ही लिहिलं नाहीत. भात्याची जोडणी सुटली असेल, सूर चिकटत असतील. ती कोणी दुरुस्त केली? की अजून तशीच, एक सूर सोडून वाजवतायत? तसं असेल तर ती दुरुस्तीला न्या. खर्च तुमचा. कोणाला न सांगता नको, सांगून न्या.

प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र शिष्याची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. पण तिच्यातला विस्तव पाहा. योहानाच्या अठराव्या अध्यायात थंडी पडलेली असते, चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवलेला असतो, आणि पेत्र तिथे शेकत उभा राहून ‘मी त्याचा नाही’ म्हणतो. पुन्हा कोळशांचा विस्तव दिसतो तो एकविसाव्या अध्यायात, तिबिर्य समुद्राच्या काठी, पहाटे, त्यावर मासळी. मूळ ग्रीकमधला तो शब्द सगळ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. त्या वासानं पेत्राच्या पोटात गोळा आला नसेल? प्रभूनं त्याला त्या रात्रीपासून लांब नेलं नाही, त्याच धुराजवळ आणून बसवलं. पण आधी म्हणाला, या, न्याहारी करा. पोटभर खाऊ घातलं, आणि मग विचारलं. तीनदा.

पहिला प्रश्न नीट ऐका: ह्यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय? सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, अशी बढाई पेत्रानं त्या रात्री मारली होती. प्रभू नेमका तिथेच बोट ठेवतो. आणि पेत्राच्या उत्तरात ‘ह्यांच्यापेक्षा’ नाही. मी प्रीती करतो हे तुला ठाऊक आहे, एवढंच. इतरांशी तुलना तिथे गळून पडली. पेत्र काय शिकला हे मला त्या न उच्चारलेल्या शब्दात दिसतं.

हे सगळं बाकीच्या शिष्यांसमोर झालं, हेही ध्यानात ठेवा. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदानंसुद्धा तीस नाणी परत केली होती, मी निर्दोष रक्ताचा विश्वासघात केला असं कबूलही केलं होतं. पण तो ज्यांच्याकडे गेला त्यांनी ‘तुझं तू बघ’ म्हणून वाटेला लावलं, आणि तो एकटा पडला. पेत्र रडला, पण आपल्या माणसांत राहिला. त्यांच्याबरोबर होडीत होता. तुम्ही दर महिन्याच्या त्या रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून एकटे बसता, याची मला खरी काळजी वाटते. झोपेबद्दलही डॉक्टरांशी बोला. इतके दिवस झोप नसणं हा शरीराचाही आजार असू शकतो, त्यात विश्वास कमी पडण्याचा प्रश्न नाही.

आता खजिनदारी. माझं उत्तर: यंदा नको.

बायकोला हे आवडणार नाही. ती म्हणेल, ‘माझी मेंढरं चार’ म्हणून पेत्राला जबाबदारी परत दिली, मग माझ्या नवऱ्याला थैली का नको? दिली, पण सगळं बोलून झाल्यावर दिली. तुमच्या नव्या पाळकांना काही माहीत नाही. ते ज्या माणसाला थैली देतायत तो त्यांना माहीत असलेला माणूस आहे, तुम्ही नाही. त्यांच्या अज्ञानावर उभं राहून होकार दिलात तर पहिल्याच दिवशी पुन्हा लपवणं सुरू झालं. योहान मार्क हा प्रेषित पौलाचा प्रवासातला सोबती, पंफुल्यात त्याला सोडून परत गेला होता. पुढच्या फेरीला पौलानं त्याला न्यायला साफ नकार दिला, सहकारी बर्णबाशी त्यावरून फाटलं. आणि तोच पौल शेवटच्या दिवसांत तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्क घरी बसला नाही. बर्णबाबरोबर कुप्रला गेला, कामाला लागला. क्षमा एका क्षणात मिळते, भरवसा वेळ घेतो, आणि वेळ लागला म्हणून क्षमा खोटी ठरत नाही.

तेव्हा पाळकसाहेबांकडे जा. या आठवड्यात, दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी. बायकोला बरोबर घ्या. ‘माझ्याकडून पूर्वी थोडी चूक झाली होती’ असं म्हणू नका. तो कागद वाचा. रक्कम, साल, गल्ला, चौदा महिने, पेटी. मग सांगा की मी खजिनदारी घेणार नाही, पण पैशांची व्यवस्था कशी असावी हे मी सांगू शकतो, कारण भोक कुठे पडतं हे मला माहीत आहे.

आयची लढाई पुन्हा झाली तेव्हा काय झालं होतं आठवतं? रक्ताची गोष्ट आहे ती, पण त्यातला हा भाग मला नेहमी थांबवतो. यहोशवा या वेळी सगळे लढवय्ये घेऊन गेला, काही जण गावामागे दडवले, आणि समोरच्यांना सांगितलं, ते बाहेर आले की पहिल्यासारखेच पळा. आयवाल्यांना वाटलं, पूर्वीसारखेच पळतायत, आणि ते गाव उघडं टाकून मागे लागले. पहिल्या पळापळीवरच दुसरी योजना उभी होती. तुमचं पळणंही असं वापरता येईल. लिलावाचे पैसे दोघांनी मिळून मोजायचे आणि दोघांनी सही करायची. प्रत्येक देणाऱ्याला पावती, मग ती एका भोपळ्याची का असेना. रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत, कोणाच्याही घरी किंवा दुकानात एक रात्रही जास्त नाही. पासबुक पंचांनी दर महिन्याला बघायचं, आणि हिशेब उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर वाचायचा. हे तुमच्याइतक्या कळकळीनं दुसरं कोणी सांगू शकणार नाही. ‘तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर,’ असं प्रभू पेत्राला त्याच्या पडण्याच्या आधीच सांगून ठेवतो. नव्या खजिनदाराला, बहुधा एखाद्या तरुण पोराला, तुम्ही बाजूला घेऊन दोन हजारांची गोष्ट सांगितलीत, तर ते स्थिर करणंच होईल.

एक सावधगिरी. हे सांगताना त्याची चमकदार साक्ष करू नका. आपल्याकडे साक्षीच्या सभांना मी पुष्कळ वेळा ऐकलंय: मी किती खाली गेलो होतो आणि प्रभूनं किती वर काढलं. टाळ्या पडतात. ज्यांचं नुकसान झालं ती माणसं त्या गोष्टीत नसतात. पंडिता रमाबाईंचं मला यासाठी फार मोठं वाटतं. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. मुक्ती मिशनमुळे सगळीकडे नाव झाल्यावर, १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, आणि तीत साधेपणानं सांगून टाकलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. स्वतःच्या उणिवेबद्दल असं सरळ बोलायला त्यांना भीती वाटली नाही. ज्याच्याविषयी त्या बोलत होत्या त्याच्यावर त्यांचा तेवढा भरवसा होता.

आणि प्रभुभोजन. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. ‘आणि मग खावं’ हे शब्द तुम्ही तीन वर्षं गाळून वाचताय. परीक्षा करून दुकानात बसावं, असं त्यानं लिहिलेलं नाही. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर, आणि मग ये. तो क्रम पाळा.

पहिल्या रविवारला अजून वेळ आहे. कागद लिहिणं, बायकोशी बोलणं, पाळकसाहेबांकडे जाणं, हे तेवढ्यात होईल. आजींकडे मात्र त्याआधी जा, आणि एकटे जा. गाडी दुकानापाशीच ठेवून चालत जा. हातात भेटवस्तू नेऊ नका, नाही तर बोलणं भेटीवरच राहील. आजी, तुमच्या कोंबडीचे पैसे मी माझ्या दुकानात वापरले होते, छप्पर त्यामुळे उशिरा झालं, मला क्षमा करा, एवढंच. त्या रागावतील कदाचित. कदाचित म्हणतील, मला तेव्हाच कळलं होतं रे, तू कधी येतोस ते बघत होते. काहीही म्हणाल्या तरी उत्तर देऊ नका, ऐकून घ्या. सकाळी कोंबड्या सोडतात तेव्हा त्या अंगणात असतात, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच वेळी जा.

तुमची ताई